बस्त्यावची पाचवी तार

"हात लावू नको! सांगून ठेवते भावजी, त्या खुंट्यांना हात लावलास ना, तर उद्याच्या मांडवात नवरीच्या आधी तुला हळद लागेल, ती पण जखमेवर! त्याने सैल केल्यात तारा, त्यालाच ताणू दे!"

रेजिना मागच्या ओट्यावरून ओरडत होती. तिच्या पुढ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग होता आणि आवाज असा, की आमच्या वाडीला खेटून उभ्या राहिलेल्या सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने दचकून गॅस बारीक केला. मी पाहिलं नाही, पण माझी खात्री आहे.

"त्याने" म्हणजे बस्त्यावने. माझा चुलतभाऊ, रेजिनाचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली.

मी पडवीत खुर्चीवर बसलो होतो आणि मांडीवर होती बस्त्यावची पाच तारांची बेस गिटार. माळ्यावरून ती सेलिनने काढली होती. सेलिन बस्त्यावची एकुलती एक मुलगी, उद्या तिचा मांडव, परवा लग्न. गिटारीच्या पाचही तारांना झोळ पडलेला. वादळानंतर कपडे वाळत घालायची दोरी दिसते, तशा.

"काका, प्लीज," सेलिन आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली. "उद्या बँड येणारच आहे, पण सुरुवात पप्पांच्या गिटारने व्हायला पाहिजे. एकच नोट. मला दुसरं काही गिफ्ट नको."

मी हो म्हणून बसलो होतो. माझं सगळं आयुष्य हो म्हणण्यात आणि मग ओरडा खाण्यात गेलं आहे. पण खरं सांगायचं तर तो एक सूर मला स्वतःलाही हवा होता. सेलिनपेक्षा जास्त हवा होता.

एक गोष्ट इथेच कबूल करतो. मी थोडं वाढवून सांगतो, असा गावात माझ्यावर आरोप आहे. साफ खोटा आरोप. मी पुष्कळ वाढवून सांगतो. रेजिना हे शाळेपासून ओळखून आहे. माझी वहिनी व्हायच्या आधी ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची, म्हणून ती मला भावजीही म्हणते आणि अरे-तुरेही करते. घरात आम्ही आमची बोली बोलतो. ती जशीच्या तशी कागदावर उतरवली तर शेजारच्या चंदनसार गावापर्यंत पोचेपर्यंत कुणाला कळणार नाही, म्हणून इथे सगळ्यांच्या तोंडी जरा शाळेतली भाषा घातली आहे.

गिटारीची पेटी उघडली तेव्हा आधी आला तो वास. सुकेळ्यांचा.

आमचा बँड सराव करायचा तो वाडीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे बस्त्यावची आई सुकेळी करायची. राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, ऊन कललं की आत घ्यायची, पुन्हा उन्हात. आठवडाभरात ती अशी व्हायची, की जणू मध गोठवून त्याला जरासा धूर दिला आहे. मग केळीच्याच सुक्या पानांत करकचून बांधायची. पाच जण त्या पुडक्यांच्या मध्ये बसून वाजवायचे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन, ड्रम आणि बस्त्यावची बेस. सहावा मी, माइकवर आणि खुळखुळ्यांवर. त्या वासात आम्ही इतकी वर्षं श्वास घेतला, की आमच्या ट्रम्पेटवाल्याने फुंकर मारली की पुढच्या रांगेतल्या माणसांना भूक लागायची. एका नवरदेवाने तर भर नाचात नवरीचा हात सोडून विचारलं होतं, "सुकेळी कोण वाटतंय?"

बेस तशी आधीपासून होती बस्त्यावकडे, चार तारांची. साधी गिटार सगळ्यांना माहीत असते. बेस ही तिची थोरली बहीण. लांब मान, जाड तारा, कमी बोलणार. लग्नात कुणी बेसवाल्याकडे बघत नाही. लोक ट्रम्पेटकडे बघतात, ड्रमवाल्याच्या केसांकडे बघतात. पण बेस थांबली की नाचणाऱ्यांचे पाय हवेत राहतात आणि आपलं काय हरवलं ते कुणाला सांगता येत नाही.

मग एका मे महिन्यात रेजिनाच्या जहाजावरच्या भावाने पाच तारांची आणली. काळीभोर, पॉलिश असं की तिच्यात बघून दाढी करावी. आख्खी वाडी बघायला जमली. चार तारा नेहमीच्याच आणि त्यांच्या डोक्यावर ही पाचवी, सगळ्यांत जाड, सगळ्यांत खालच्या सुराची. मी तिला हात लावून पाहिला आणि म्हणालो, "अरे, ही तार नाही, ही रहाटाची साखळी आहे!"

बस्त्याव हसला. तो हसायचा म्हणजे नुसतं नाक रुंद करायचा.

"जड आहे," तो म्हणाला. "पण बरी आहे."

त्याच्या तोंडून इतकंच. बाकीचं बोलायचं काम माझं. त्या दिवसापासून अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत जिथे जिथे मांडव पडला, तिथे तिथे मी माइक धरून, लोकांकडे तोंड करून ओरडायचो, "आणि आता, बाबांनो आणि बायांनो, पोट धरून बसा! कवळ्या खिशात ठेवा! येत आहे पाचवी तार!" माझ्या पाठीमागे बस्त्याव सुरू करायचा आणि मांडवाची जमीन पायाखालून हळूच सरकल्यासारखी व्हायची.

त्या तारेच्या गोष्टी मी गावभर केल्या. निर्मळला एका लग्नात पाचवी वाजली आणि तळ्यातले मासे वर येऊन तोंडं उघडून राहिले, कुणीतरी कढई आणा म्हणालं. उमेळ्यातल्या एका आजीची अकरा वर्षांची उचकी तिने एका झटक्यात घालवली. आजी नंतर कंटाळली, सोबत गेली म्हणून. एकदा पाहुण्यांच्या टेबलावरचा ताडीचा पेला कुणी हात न लावता सरकत सरकत थेट फादरांच्या पुढ्यात जाऊन थांबला, आणि फादरांनी त्याला देवाची इच्छा म्हटलं. लोक हसायचे आणि हसता हसता विश्वास ठेवायचे. पोटदुखीने रडणारं तान्हं बाळ घेऊन एक आई खरोखरच आमच्या स्पीकरच्या खोक्याशेजारी येऊन बसली होती. बाळ झोपलं. ही गोष्ट खरी आहे. या एका गोष्टीवर कुणीच विश्वास ठेवत नाही.

तो आवाज कसा होता, हे मात्र मला आजही धड सांगता येत नाही, आणि मला सांगता येत नाही असं जगात फार थोडं आहे. तो कानात शिरत नसे. आधी खुर्चीला कळायचं, मग पोटाला, आणि कान बिचारा शेवटी चौकशीला यायचा. दूरच्या वाडीत पाण्याचा पंप चालू व्हावा तसा. बस्त्याव सूरही त्या पंपावरच तपासायचा. विहिरीचा पंप सुरू झाला की मान कलती करून म्हणायचा, "हा सूर जी आहे. जरासा चढा." आम्ही त्याला वेड्यात काढायचो. मग एकदा व्हायोलिनवाल्याने वाजवून पाहिलं तर निघाला जीच, जरासा चढा.

आणि राखेचा बुधवार. बाहेरच्यांना सांगतो, आमच्यात त्या दिवशी उपवासकाळ सुरू होतो. ईस्टरपर्यंत लग्न नाही, मांडव नाही, वाजवणं नाही. सकाळची चर्चमधली मिस्सा झाली, की कपाळावर राख घेऊन आम्ही सहाही जण शेडमध्ये जमायचो. कुणी बोलायचं नाही. ट्रम्पेटवाला तोंडाकडचा तुकडा काढून रुमालात गुंडाळायचा. ड्रमचं कातडं ढिलं व्हायचं. व्हायोलिनच्या तारा सुटायच्या. शेवटी बस्त्याव एक एक खुंटी फिरवत पाचही तारांचा जीव काढून घ्यायचा आणि तो उतरत जाणारा आवाज, जिना उतरून कुणी तळघरात जावं तसा, आम्ही सगळे खाली बघून ऐकायचो. मला खुळखुळ्यांशिवाय सैल करायला काही नव्हतं. म्हणून माझा उपवास थापांचा ठरला होता. तो पहिल्याच शुक्रवारी मोडायचा.

नियम एकच. ज्याने सैल केलं त्यानेच ईस्टरच्या सकाळी ताणायचं. दुसऱ्याचा हात लागला तर सूर रुसतो. हा नियम कुणी केला, कुणास ठाऊक. मी केला असं मी सांगत असे.

मुंबईच्या एका दुकानात गिटार दुरुस्तीला नेली होती, तेव्हा तिथला माणूस आमची पद्धत ऐकून कपाळावर हात मारून उभा राहिला. "अरे बाबांनो, तारांची ओढ आहे म्हणून मान सरळ आहे! सगळ्या तारा चाळीस दिवस सैल ठेवल्या तर मान मागे वाकणार. गिटार अशी मारतात?"

"बरोबर आहे," बस्त्याव म्हणाला.

पुढच्या राखेच्या बुधवारी त्याने पुन्हा पाचही सैल केल्या. मी म्हणालो, "अरे, मान वाकेल ना!"

"वाकू दे," तो म्हणाला. "चाळीस दिवस आपली पण वाकलेलीच असते."

बस्त्याव गेला तो उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात. कसा गेला ते इथे नको. बँडमधला माणूस गेला की आमच्याकडे बँडने पोचवायचा, पण उपवासकाळात वाजवणं नाही. म्हणून ज्याच्याशिवाय गावात एक मांडव सजला नाही, त्याला आम्ही चपलांच्या आवाजात पोचवला. शे-दोनशे चपला, उन्हाने तापलेला रस्ता, मेणबत्तीचा वास, मोगऱ्याचा वास आणि कुठल्याशा इमारतीच्या बांधकामावर मध्येच थांबलेली यंत्रं. ती आमच्यासाठी थांबली होती की त्यांची चहाची सुट्टी होती, मला ठाऊक नाही.

मी रडलो नाही. मी! आमची शेळी विकली तेव्हा मी तीन दिवस जेवलो नव्हतो. भाचीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला मी असा हुंदके देत रडलो, की फादर वेदीवरून खाली उतरून मला पाणी देऊन गेले. आणि बस्त्यावच्या पेटीवर माती पडली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सव्वापाच वाजले होते. एवढंच मनात आलं, की सव्वापाच वाजले.

दाढ काढताना डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखं वाटतं. तसं. सुईचा गुण दोन तासांत उतरतो. माझा तीन वर्षं उतरला नाही. मी जेवतो, भाजीला चव आहे म्हणतो. नाक्यावर गोष्टी सांगतो, लोक पोट धरून हसतात, मीही तोंड उघडून आवाज काढतो. विहीर आटली तरी पंप चालू राहिला, तर तो जास्तच जोरात वाजतो, तुम्ही ऐकलं असेल. बँड मोडला. शेडच्या जागी आता इमारतीचं पार्किंग आहे. मी तिथून रोज जातो आणि मला काही होत नाही.

म्हणून मला तो सूर हवा होता. माझा हिशेब सरळ होता. डोळे बंद पडले, छाती बंद पडली, पण पाचवी तार कुठे त्यांना विचारून यायची? ती पोटात यायची. तिथे अजून कुणीतरी जागं असेल.

रेजिना पदराला हात पुसत पडवीत आली. मी खुंट्यांवरचा हात काढून खुळ्यासारखा मांडीखाली घातला. ती गिटारीकडे बघत राहिली. तिच्याकडे बघून काही कळत नव्हतं. तीन वर्षांत कुणालाच काही कळलं नव्हतं.

"आई, एकच नोट," सेलिन म्हणाली. "पप्पा असते तर..."

"पप्पा असते तर त्यांनी ताणली असती," रेजिना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताणायचीच असेल तर पाचवी ताण. बाकीच्या चारांना बोट लावायचं नाही."

मी छाती फुगवली. पाचवी! पाचांतली राणी! ज्या तारेचा डंका मी बावीस वर्षं पिटला, ती तार तिने माझ्या हाती दिली होती. बाकीच्या चार त्याच्या राहू देत, पण ही माझी म्हणून तिने ओळखली. मी सेलिनला म्हणालोसुद्धा, "बघितलंस? तुझ्या आईला कदर आहे."

रेजिना ओट्यावर परत गेली.

सेलिनने सूर दाखवणारं अ‍ॅप मोबाइलवर लावलं आणि माळ्यावरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला. तो आधी खोकला, मग घरघरला, मग शांत झाला. खुंटी तीन वर्षांनी फिरताना कुरकुरली. तार हळूहळू उठली, जाग येणाऱ्या माणसासारखी एक कूस वळली, अजून थोडी वर आली. जवळून बघितलं तेव्हा मला नवल वाटलं. बाकीच्या चार तारा घामाने, बोटांनी काळ्या-तांबड्या पडलेल्या, पण ही पाचवी नव्या पातेल्यासारखी लखलखत होती. फक्त एका जागी, खालच्या बाजूला, करड्या रंगाचा एक डाग. चिंचोक्याएवढा.

"हे बघ," मी सेलिनला तो डाग दाखवला. "इथे मारायचा तुझा बाप. मारून मारून तार काळी पडली. असा हात होता त्याचा!"

तिने मोबाइल गालाशी धरला आणि मान हलवली. अ‍ॅपवरचा काटा मध्ये आला, हिरवा झाला.

मी वाजवली.

आता जे सांगतो ते वाढवून सांगत नाही. वाढवायची ताकद नव्हती. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. घरातल्या अल्तारावरच्या मेणबत्तीची काच किणकिणली. पाठीमागे स्वयंपाकघरात एक झाकण दुसऱ्या झाकणाला लागून बोलल्यासारखं वाजलं. आवाज खोलीत भरला, लादीतून गेला, दाराबाहेर पसरला आणि बराच वेळ विझला नाही. सेलिनने दोन्ही हात तोंडावर धरले आणि ती रडली, लहानपणी रडायची तशी, खांदे हलवून. "थँक्यू काका," ती म्हणाली. "हेच पाहिजे होतं मला." डोळे पुसत ती होणाऱ्या नवऱ्याला फोन करायला बाहेर गेली, ऐकवायला.

मी वाट बघत बसलो. पोटाची.

काही नाही. मी पुन्हा वाजवली, जरा जोरात. पाणी थरथरलं, काच किणकिणली. माझ्या शर्टाची बटणंसुद्धा हलली असतील. आत, पोटात, शेजाऱ्याच्या घरात कुणीतरी फर्निचर सरकवावं तेवढं कळलं. आपल्या घरात नाही. तिसऱ्यांदा वाजवली नाही. शेजारच्या वाडीत पंप सुरू झाला होता. जी, जरासा चढा.

मी काय करणार? मी बोलायला लागलो. गिटार मांडीवरून उतरवली आणि ओट्यावर गेलो, रेजिनापाशी. ती कळ्या निवडत होती. मोठ्या एका टोपलीत, बारीक दुसऱ्या.

"ऐकलंस ना वहिनी? हाच तो. अगदी हाच! डोळे मिटले असतेस तर वाटलं असतं, बस्त्याव आत बसलाय. आठवतं का निर्मळचं लग्न? मासे कसे वर आले होते! आणि ती उमेळ्याची आजी, आणि तो ताडीचा पेला! बावीस वर्षं मी लोकांकडे तोंड करून उभा राहिलो आणि पाठीला डोळे नसूनही मला कळायचं, आता याने पाचवीला हात घातला. पोटात कळायचं. उद्या मांडवात मीच ओरडतो, येत आहे पाचवी तार! काय? पाहुण्यांना पण कळू दे, बस्त्याव कशासाठी प्रसिद्ध होता."

रेजिनाने कळ्यांतलं एक पिवळं पान वेचलं आणि बाजूला टाकलं.

"पाचवी तो कधी वाजवायचा नाही," ती म्हणाली. "बाकीच्या वाजवताना अंगठा टेकायला होती."